विनयधर उपाली आणि ध्यानानंतरचे वागणे

आपल्याकडे उपालींचे नाव निघाले की एकच प्रसंग सांगितला जातो. कपिलवस्तूचे शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला निघाले, सोबत त्यांचा न्हावी होता, तथागतांनी न्हाव्याला आधी दीक्षा दिली आणि राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले. बुद्धजयंतीच्या व्याख्यानात इथे टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. उपालींचे उरलेले आयुष्य तिथेच राहून जाते. वास्तविक तो प्रसंग त्यांच्या आयुष्याची नुसती सुरुवात होती. पुढे ते संघाचा कायदा शिकले, त्यांनी तो थोरामोठ्या भिक्खूंना शिकवला, त्याच्या आधारे निवाडे केले आणि तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर तो सगळा कायदा पाचशे अर्हतांसमोर तोंडी सांगितला. मी व्यवसायाने वकील आहे. म्हणून असेल कदाचित, मला हे नंतरचे उपाली जास्त जवळचे वाटतात.

त्यांची आठवण आज काढण्याला आणखी एक कारण आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या वस्त्यांतून, विहारांतून ध्यानाची शिबिरे वाढली. आनापानसती शिकलेली तरुण मुले-मुली आता जागोजागी भेटतात. चांगली गोष्ट आहे. जगात तर सतीचा, म्हणजे ज्याला हल्ली माइंडफुलनेस म्हणतात त्याचा, मोठा बाजारच उभा राहिला आहे. पण एकत्र ध्यानाला बसणारी माणसे आसनावरून उठल्यानंतर एकमेकांशी कशी बोलतात, कोणाची चूक कोणी आणि कशी दाखवायची, भांडण झाले तर ते कोणी सोडवायचे, याची चर्चा फारशी होत नाही. ध्यान केले की माणूस आपोआप निवळतो, मग नियम कशाला, असे म्हणणारेही भेटतात. या मंडळींनी उपालींचे चरित्र वाचावे. पालि विनयपिटकात ते तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले आहे, काही भाग अट्ठकथांत आहे.

काळ इसवी सनापूर्वी पाचव्या-सहाव्या शतकाचा. उपाली कपिलवस्तूच्या न्हावी कुटुंबातले. शाक्यांच्या घरी त्यांची चाकरी होती. त्या काळी न्हावीकाम हलक्या कामांत मोजले जाई. विनयातच हलके समजल्या जाणाऱ्या हुन्नरांची यादी आली आहे. तीत बुरूड, कुंभार, विणकर, चांभार यांच्याबरोबर न्हावीही आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगू, किम्बिल आणि देवदत्त हे सहा शाक्य घर सोडून निघाले तेव्हा उपाली त्यांच्यासोबत होते. शाक्यांची हद्द ओलांडल्यावर सहाही जणांनी अंगावरचे दागिने उतरवले, त्यांचे गाठोडे बांधले आणि एवढे तुला जन्मभर पुरेल, आता परत जा, असे उपालींना सांगितले.

उपाली परत निघाले आणि वाटेत थांबले. शाक्य तापट आहेत, मी एकटा दागिने घेऊन आलेला पाहिला तर मीच राजपुत्रांना मारले असे समजून ते माझा जीव घेतील, असा विचार त्यांच्या मनात आला. वाचकांनी या ठिकाणी जरा थांबावे. श्रीमंताचा माल गरिबाच्या हाती दिसला की तो चोरीचाच, हे गृहीतक पोलीस ठाण्यात आजही आम्हाला रोज भेटते. उपालींना ते अडीच हजार वर्षांपूर्वी पुरते ठाऊक होते. मग दुसरा विचार आला. हे राजपुत्र असून सगळे सोडतात, तर मी का नाही? त्यांनी गाठोडे झाडाला टांगले, ज्याला दिसेल त्याने न्यावे असे म्हणून ते मागे फिरले.

मल्लांच्या प्रदेशात अनुपिया नावाचे गाव होते. तिथे सगळे तथागतांकडे पोहोचले. शाक्यांनी स्वतःच विनंती केली की आम्ही फार मानी आहोत, हा उपाली आमचा जुना सेवक आहे, त्याला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल. तसेच झाले. आता यात राजपुत्रांचा मोठेपणा आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण मोठेपणावर समता फार दिवस टिकत नाही. ती टिकली, कारण संघात ज्येष्ठता ठरवण्याचा नियम होता. कोणाला पहिले आसन, पहिले पाणी, पहिली भिक्षा मिळावी यावर भिक्खूंमध्ये वाद झाला तेव्हा कोणी म्हणाले क्षत्रिय कुळातल्याला, कोणी म्हणाले ब्राह्मण कुळातल्याला. तथागतांनी ते सर्व बाजूला ठेवून ज्याची उपसंपदा आधीची तो ज्येष्ठ असा दंडक घातला. वर्षावास मोजायचे, कूळ मोजायचे नाही. त्यामुळे राजपुत्रांना उपालींपुढे त्या एका दिवसापुरते वाकून चालणार नव्हते. जन्मभर वाकावे लागणार होते, मनात असो वा नसो.

(हा नियम भिक्खुनींच्या बाबतीत मात्र थांबला, हेही सांगितले पाहिजे. भिक्खू-भिक्खुनींनी एकमेकांना ज्येष्ठतेप्रमाणे वंदन करावे ही महाप्रजापती गोतमींची मागणी मान्य झाली नाही, अशी विनयात नोंद आहे. ते आठ गुरुधम्म नंतरची भर असावी असे मानणारे अभ्यासक बरेच आहेत. तो स्वतंत्र विषय आहे.)

दीक्षेनंतर उपालींना अरण्यात एकांतात राहून ध्यान करायचे होते. तशी परवानगी त्यांनी मागितली. तथागतांनी ती दिली नाही. संघात राहा, त्यातच तुझे हित आहे, असे सांगितले. अट्ठकथेत त्याचे कारण दिले आहे ते असे की अरण्यात उपालींचे फक्त ध्यान पूर्ण झाले असते, माणसांत राहून ध्यान आणि विनय दोन्ही पूर्ण होणार होते. त्याप्रमाणे ते राहिले, अर्हत झाले आणि विनय जाणणाऱ्यांत अग्र ठरले. तथागत त्यांची स्तुती करू लागले तसे नवे-जुने पुष्कळ भिक्खू त्यांच्याकडे विनय शिकायला येऊ लागले. यात एक गंमत घडली. शिकायला आलेल्यांत ज्येष्ठ भिक्खू असत, म्हणून उपाली त्यांच्या आदरापोटी उभे राहून शिकवत. आणि ज्येष्ठ भिक्खू धम्माच्या आदरापोटी उभे राहूनच शिकत. दोघांचेही पाय दुखू लागले. तेव्हा तथागतांनी परवानगी दिली की शिकवणारा नवा असला तरी त्याने बरोबरीच्या किंवा उंच आसनावर बसावे आणि शिकणाऱ्या ज्येष्ठाने बरोबरीच्या किंवा खालच्या आसनावर. आदर धम्माचा.

इथपर्यंत सगळे गोड आहे. पुढचा प्रसंग आपल्या व्याख्यानांत मी कधी ऐकला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उपालींचे उपाध्याय कप्पितक नावाचे भिक्खू वैशालीजवळच्या स्मशानात राहत. भिक्खुनींच्या एका गटातली ज्येष्ठ भिक्खुनी वारली. तिचे दहन करून त्या भिक्खुनींनी कप्पितकांच्या निवासाजवळ तिचा स्तूप बांधला आणि तिथे जाऊन त्या रडू लागल्या. आवाजाने त्रासलेल्या कप्पितकांनी तो स्तूप मोडून टाकला. हे वागणे चूकच होते. भिक्खुनी संतापल्या आणि त्यांनी कप्पितकांना ठार मारायचे ठरवले. त्यांच्यातल्याच एकीने ही गोष्ट उपालींना कळवली, उपालींनी कप्पितकांना सावध केले आणि ते लपून बसले. भिक्खुनींनी कुटीवर दगडधोंडे टाकले आणि ते मेले असे समजून त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी कप्पितक वैशालीत भिक्षेसाठी फिरताना दिसले. बातमी फोडली कोणी याचा शोध लागला आणि सगळा राग उपालींवर निघाला. हा न्हावी, लोकांचा मळ काढणारा, हलक्या जातीचा, यानेच आमचा बेत बिघडवला, अशा शब्दांत त्यांना बोलण्यात आले.

भांडण स्तूपाचे होते. शिवी मात्र जातीची निघाली.

हे बोलणाऱ्या स्त्रिया संघाबाहेरच्या नव्हत्या. त्यांनी चीवर घेतले होते, त्या उपोसथाला बसत होत्या, ध्यानाचा उपदेश त्यांनी ऐकला होता. आणि ज्यांना हे ऐकून घ्यावे लागले ते सगळ्या संघात विनयाचे सर्वात मोठे जाणकार होते. राग अनावर झाला तेव्हा त्यांची विद्या, ज्येष्ठता, अर्हतपद काहीही आड आले नाही. वकील होऊन, अधिकारी होऊन, प्राध्यापक होऊनही आपल्यातल्या अनेकांना नेमका हाच अनुभव येतो, त्यामुळे तो वेगळा समजावून सांगायला नको.

तथागतांनी यावर काय केले? त्या भिक्खुनींना आणखी ध्यान करा एवढेच सांगून सोडले नाही. नियम केला. भिक्खुनीने भिक्खूला शिवीगाळ किंवा अपमानकारक बोलणे केले तर तो पाचित्तिय, म्हणजे संघासमोर कबूल करून शुद्ध व्हावे लागेल असा दोष. भिक्खुनींच्या पाचित्तियांत हा बावन्नावा आहे. भिक्खूंसाठी याच स्वरूपाचा नियम पाचित्तियांत दुसऱ्याच क्रमांकावर येतो आणि तो तर कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा इतका बारकाईने केलेला आहे. जात, नाव, गोत्र, काम, हुन्नर, रोग, शरीराची ठेवण, मनाचे विकार, घडलेले दोष आणि शिव्या, अशा दहा अंगांनी माणसाला हिणवता येते हे त्यात नोंदवले आहे. हलक्या जातीचे नाव घेऊन हिणवले तर दोष आहेच. पण हिणवण्याच्या हेतूने एखाद्याला उच्च जातीचे नाव घेऊन हाक मारली तरी दोष आहे. नाव न घेता, इथे काही जण अमक्या जातीचे आहेत बरे का, असे टोमण्याने बोलले तरी दोष आहे, थोडा कमी. आणि हिणवण्याचा हेतू नव्हता, थट्टा केली, ही पळवाटही सोडलेली नाही. थट्टेलाही दुब्भासित नावाचा दोष लागतो. समजावून सांगण्यासाठी, शिकवणुकीसाठी जातीचा उल्लेख आला तर मात्र दोष नाही.

आता 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा आठवा. त्यातही अपमानाचा हेतू पाहिला जातो. मात्र तिथे अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. 2020 साली हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला जातीवाचक अपमान या कलमात बसत नाही. फौजदारी कायद्याला पुराव्याच्या मर्यादा असतात, हे मान्य. संघाच्या कायद्यात ही अट नव्हती. दोघेच असताना बोलले तरी दोष दोषच.

उपालींनी केलेल्या निवाड्यांपैकी तीन विशेष प्रसिद्ध आहेत. भरुकच्छचा, म्हणजे आजच्या भडोचचा, एक भिक्खू स्वप्नात आपल्या पूर्वीच्या पत्नीजवळ गेला आणि आपण आता भिक्खू उरलो नाही असे समजून घरी निघाला. वाटेत उपाली भेटले. स्वप्नातल्या गोष्टीचा दोष लागत नाही असे सांगून त्यांनी त्याला परत पाठवले. दुसरा निवाडा वैशालीच्या अज्जुक भिक्खूचा. मरणाऱ्या गृहस्थाने आपल्या ठेव्याची जागा मुलगा आणि भाचा यांच्यापैकी जो श्रद्धावान असेल त्याला सांगण्याचे काम अज्जुकांवर सोपवले होते. त्यांनी ती भाच्याला सांगितली. मुलाने आनंदांकडे तक्रार केली आणि आनंदांनी अज्जुक भिक्खू राहिले नाहीत असे ठरवून टाकले. प्रकरण उपालींकडे आले. त्यांनी आनंदांनाच विचारले की मालकाने सांगितलेली जागा मालकाने सांगितलेल्या माणसाला दाखवली तर दोष कोणता? कोणताच नाही, हे आनंदांना स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले.

तिसरा निवाडा सर्वात महत्त्वाचा. राजगृहाची एक विवाहित स्त्री पतीच्या परवानगीने भिक्खुनी झाली. आपण गरोदर आहोत हे तिला माहीत नव्हते. ती देवदत्ताच्या पक्षातल्या भिक्खुनींमध्ये राहत होती. गर्भ दिसू लागला तेव्हा देवदत्ताने चौकशी न करता तिला काढून टाकायला सांगितले. आपल्या गटाची बदनामी होईल एवढीच त्याला काळजी. हाच देवदत्त अनुपियाला उपालींच्या मागून दीक्षेला उभा होता. ती स्त्री राजगृहाहून चालत श्रावस्तीला जेतवनात आली. तथागतांनी निर्णय स्वतः दिला नाही. राजा पसेनदी, अनाथपिंडिक, विशाखा यांच्यासह सगळी परिषद बोलावली आणि काम उपालींकडे सोपवले. उपालींनी विशाखेला सांगितले की ही दीक्षेच्या आधी गरोदर होती की नंतर झाली याची नीट तपासणी कर. विशाखेने आडपडदा लावून तिची तपासणी केली, महिने आणि दिवस मोजले, गर्भ दीक्षेच्या आधीचा आहे असे उपालींना कळवले आणि उपालींनी सर्वांसमोर तिला निर्दोष ठरवले. तिला झालेला मुलगा राजवाड्यात वाढला आणि पुढे कुमारकस्सप या नावाने संघातला नामांकित वक्ता झाला.

या निवाड्यात काय काय आहे पाहा. आरोपी स्त्रीला म्हणणे मांडायची संधी मिळाली. तिच्या शरीराची तपासणी स्त्रीकडून, आडोशाला झाली. निष्कर्ष मात्र उघड सभेत सांगितला गेला, कुजबुजीला जागा उरली नाही. आपल्या संस्थांमध्ये एखाद्या कार्यकर्तीने तक्रार केली की आधी तिच्याच चारित्र्याची चर्चा होते आणि चळवळीची बदनामी नको म्हणून प्रकरण दाबले जाते. हा देवदत्ताचा मार्ग आहे, मग तो अवलंबणाऱ्याच्या घरात तथागतांचा कितीही मोठा फोटो असो.

उपालींचा स्वभाव प्रश्न विचारण्याचा होता. विनयपिटकातल्या परिवार या ग्रंथाचा एक भाग त्यांच्या प्रश्नांच्या नावानेच ओळखला जातो. दुसऱ्याचा दोष दाखवायचा असेल तर कसे वागावे, हे त्यांनी तथागतांना विचारून घेतले. उत्तराचा आशय असा की दोष दाखवणाऱ्याने आधी स्वतःकडे पाहावे: आपले वागणे-बोलणे स्वच्छ आहे का, समोरच्याविषयी मनात मैत्री आहे का, आपल्याला नियम नीट माहीत आहेत का. मग योग्य वेळी, खरे तेच, सौम्य शब्दांत, त्याच्या हिताचे आणि द्वेष न ठेवता बोलावे. आणि ज्याचा दोष दाखवला जात आहे त्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात, खरे बोलावे आणि चिडू नये. एकत्र ध्यानाला बसणाऱ्या कोणत्याही मंडळाला एवढे नियम भिंतीवर लावायला एक कागद पुरेल.

कोसंबीचे भांडण बहुतेकांना माहीत आहे. अट्ठकथेप्रमाणे ते शौचाच्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवण्यावरून सुरू झाले आणि संघाचे दोन तट पडले. तथागतांनी समजावूनही भिक्खू ऐकेनात, तेव्हा ते कोसंबी सोडून निघून गेले. शेवटी कोसंबीच्या उपासकांनी भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन आणि भिक्षा बंद केली, मग भिक्खू वठणीवर आले. श्रावस्तीला जाऊन समेट झाला. हे सर्व झाल्यावर उपालींनी तथागतांना एक प्रश्न विचारला. ज्या गोष्टीवरून भांडण झाले तिचा निर्णय न करता, तिच्या मुळाशी न जाता संघाने ऐक्य केले, तर ते धम्माला धरून होईल का? तथागतांनी नाही म्हणून सांगितले. ते ऐक्य नावाचे असते, त्याला अर्थ नसतो. मुळाशी जाऊन, निर्णय करून झालेले ऐक्यच खरे.

1957 साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या फुटी आणि ऐक्ये ज्यांनी पाहिली त्यांना या प्रश्नाचे मोल कळेल. एका व्यासपीठावर हात उंचावून फोटो काढले गेले, पण फूट कशावरून पडली होती, चूक कोणाची होती, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही. विहार समित्यांचेही तेच. दोन गट एका जयंतीपुरते एकत्र येतात आणि जमाखर्चाचा प्रश्न पुढच्या जयंतीवर ढकलतात.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. सुभद्द नावाच्या एका म्हाताऱ्या भिक्खूने आता आपण सुटलो, हे करा ते करू नका म्हणणारा कोणी उरला नाही असा आनंद व्यक्त केला होता, तो ऐकून महाकस्सपांनी हा पुढाकार घेतला. पाचशे अर्हत जमले. महाकस्सपांनी संघासमोर रीतसर ठराव मांडून विनयाविषयी उपालींना प्रश्न विचारण्याची संमती घेतली, उपालींनी उत्तर देण्याची संमती घेतली. धम्माची पाळी, म्हणजे आनंदांची, त्यानंतर आली. प्रत्येक नियमाविषयी प्रश्न ठरलेले होते: कुठे झाला, कोणामुळे झाला, प्रकरण काय होते, मूळ नियम कोणता, दुरुस्ती कोणती, दोष कशाने लागतो, कशाने लागत नाही. पहिला पाराजिक वैशालीला, कलंदगावच्या सुदिन्नामुळे. अशा क्रमाने उपाली सांगत गेले. आम्ही न्यायालयात निवाडे सांगतो त्याची हीच पद्धत आहे.

25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत भिक्खू संघांचा दाखला दिला. आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे संघांना माहीत होते, हे त्यांनी तिथे सांगितले. आणि 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना त्यांनी उपाली न्हाव्याच्या दीक्षेला सुनीत, सोपाक, सुप्पिय यांच्या आधी जागा दिली.

उपालींनी आपल्यामागे विनय दासकांना दिला, दासकांनी सोणकांना, सोणकांनी सिग्गवांना, सिग्गवांनी मोग्गलिपुत्त तिस्सांना. सम्राट अशोकाच्या काळात तिस्सांचे शिष्य महिंद तो घेऊन श्रीलंकेला गेले. तिथून पुढे म्यानमार, थायलंड, कंबोडियापर्यंत पोहोचलेले भिक्खूंचे 227 नियम आजही दर पंधरवड्याच्या उपोसथाला म्हटले जातात. त्यांत हलक्या जातीचा म्हणून कोणाला हिणवू नये हा नियमही असतो.